जिवतीच्या अवसेचं जाळं

चंद्रपूरवरून डोळ्याचं आपरेशन करून आलो. काळा चष्मा लावून आठ-दहा दिवस ओसरीत बसून काढले. मग एका सकाळी चष्मा जरा वर केला आणि खुंटीवरचं जाळं पाह्यलं. घरच्यांचे चेहरे त्याच्या आधी दिसले होते, खोटं कशाले बोलू. पण चेहरे काय, आवाजावरून माहीतच होते. जाळ्याची गाठ मात्र मी कितीतरी वर्षं डोळ्यानं पाह्यली नव्हती. बोटानंच ओळखत होतो. आता एकेक गाठ वेगळी दिसत होती, तांदळाच्या दाण्यावाणी.

जाळं तागाचं आहे, माह्या बाबाच्या हातचं. येनाच्या झाडाच्या सालीच्या काढ्यात उकळून उकळून ते वाळल्या मोहफुलाच्या रंगाचं झालं आहे. नाकाजवळ नेलं तर अजून त्या काढ्याचा तुरट वास येतो. पण बरोबर मधोमध एक ओंजळभर जागा वेगळी आहे. तिथी सूत पांढरं आहे. आता पांढरं कुठलं, मळकट झालं, पण बाजूच्या तागात मिसळलं नाई ते नाईच. ती गाठ माह्या हातची. घाईची गाठ आहे, आमच्यासारखा मासे धरणारा कोणताही ढिवर पाहून सांगेल.

सून म्हणाली, बाबा, डोळ्याले ताण देऊ नका. मी म्हणालो, डोळा कोणाचा आहे? ती हसत आत गेली. जिवती चार दिवसांवर आली होती आणि जाळं तपासायचं काम मी कोणावर सोडत नाई.

मी दुसरी शिकलो. तिसरीत मास्तरनं कान पिळला म्हणून शाळेत गेलो नाई. मग बाबानं मारलं, मामानं समजावलं, खुद्द मास्तर घरी आला, तरी गेलो नाई. पण लिहिता येते, वाचता येते, आणि पाण्याचं जे मले माहीत आहे ते शिकलेल्यांनी माह्याजवळ येऊन विचारावं. म्हणून हे माह्याच हातानं लिहून राह्यलो. पोथीत अवसेचं काय लिहिलं असेल ते असो. मी पाह्यलेलं सांगतो.

आमच्याकडे आखाडातल्या अवसेले जिवती म्हणतात. रोवणा म्हणजे धानाची लावणी सुरू असते. बायांच्या पोटऱ्यांले चिखल वाळलेला, घरात पऱ्ह्यांचा, कोवळ्या रोपांचा हिरवा वास, चुलीवर वडे. बाजारातून जिवतीचा कागद आणतात. त्याच्यावर पाळण्याजवळ बसलेल्या, लेकरं अंगाखांद्यावर घेतलेल्या मायांचं चित्र असते. तो कागद भिंतीले चिटकवून बाया लेकरांसाठी पूजा करतात. त्या दिवशी सकाळी लोहार दारोदार फिरे आणि चौकटीले एक खिळा ठोके, म्हणजे वाईट आत येऊ नये. त्याच्यामागून ढिवर जाळं घेऊन जाय. माय अंगणात पाट मांडून लेकराले बसवे, आणि ढिवर लेकराच्या डोक्यावरून जाळं पांघरे. एरवी जीव धरायचं जाळं, त्या दिवशी जीव राखे.

पांघरताना बोल म्हणायचे. आमच्या घरचे बोल असे होते. आतलं आत राहो, बाहेरचं बाहेर राहो, जिवतीमाय राखो. मग माय सुपात धान आणे, वर दोन वडे ठेवे, आणि लेकरू जाळ्यातून निघून आधी वड्याकडं पळे.

बाबाचे दोन नेम होते. अवसेच्या दिवशी पाण्यात जाळं टाकायचं नाई. बाबा म्हणे, महिन्याचे बाकी दिवस पाणी आपलं, हा एक दिवस मासोळीचा. आणि दुसरा नेम, जिवतीचं जाळं अख्खं पाहिजे. गाठींमधलं एक घर तुटलं असलं तरी लेकरावर टाकायचं नाई. जेवढं घर तुटलं, तेवढं दार उघडं राह्यलं.

मी एकोणीस-वीस वर्षांचा असेन. त्या वर्षी बाबाच्या पायात धानाच्या बांधीतला काटा मोडून पाय भोपळ्यावाणी सुजला होता. माय तर मी लहान असतानाच गेली होती. घरात आम्ही दोघंच. तेव्हा जिवतीचं जाळं पहिल्यांदा मी एकट्यानं न्यायचं ठरलं. बाबानं आदल्या दिवशी खाटेवर बसून एकेक घर बोटानं तपासलं आणि जाळं माह्या हाती दिलं. म्हणे, अख्खं दिलं, अख्खं आण.

सकाळी तोंड धुवायले तलावावर गेलो. जाळं खांद्यावर होतंच, कारण लोकांनी पाहावं असं मले वाटत होतं. काठाजवळ कमळाच्या पानांखाली पाणी लाल दिसलं. लाल म्हणजे पिल्लांचा घोळका, आणि त्यांच्याखाली मरळ. हातभर लांब, काळी, जागेवरच हलत होती. पिल्लं राखत होती. अशी मरळ त्या तलावात मी त्याआधी पाह्यली नव्हती आणि त्यानंतरही नाई. का टाकलं ते विचारू नका. हात आधी गेला. जाळं पाण्यात उघडलं, बुडलं, आणि ओढलं तेव्हा खाली बुडालेल्या खुंटाले अडकलं. मी हिसका दिला. मरळ गेली, पिल्लं फाकली, आणि जाळ्याच्या मधोमध माह्या मुठीएवढं भोक पडलं.

घरी जाऊन सांगितलं असतं तर बाबानं जोडून दिलं असतं. घटकाभराचं काम. पण बाबाजवळ ते सांगायचं म्हणजे माह्या तोंडातून निघणारच नव्हतं. मी जाळं उन्हात पिळून वाळवलं, भोकाची बाजू आत घडी केली, आणि गावात निघालो.

पहिली पाच-सहा घरं ठीक गेली. दुहेरी घडी लेकरांवर ठेवली, बोल म्हणालो, काढली. पुढं डोमा लोहार होता, हातोडीवाला म्हातारा. माह्या बाबाचा जोडीदार, आणि तोंडानं भलता तिखट. तो मले म्हणाला, काय रे, लेकरांवर जाळं टाकून राह्यला का फडकं वाळत घालून राह्यला? तुया बाप तर कसं गोल टाके. अंगणातल्या बाया हसल्या. पुढचं घर पारबताबाईचं होतं.

पारबताबाई म्हणजे कुणब्याची सून, दोन बैलांची शेती, नवरा सरळ, अबोल माणूस. तिची तीन लेकरं गेली होती. एक जन्मताच, एक सहा महिन्यांचं, एक चालायले लागल्यावर. चवथी पोरगी झाली तेव्हा तिले कचऱ्यावर ठेवून मग उचलून घेतली आणि नाव ठेवलं कचरी, म्हणजे मरणाले वाटावं की हे कामाचं नाई. कचरी तेव्हा दोन वर्षांची होती. पाटावर बसली होती, कपाळाले हळद, हातात वड्याचा तुकडा. अख्ख्या गावाले माहीत होतं की त्या घरी जिवती म्हणजे नुसता सण नाई.

आणि मी तिथीच शहाणपणा केला. डोमा पाहत होता, बाया पाहत होत्या. मी घडी उलगडली आणि तलावावर टाकतात तसं जाळं हवेत फेकलं. पुरं गोल उघडलं. जाळ्याच्या काठच्या शिशाच्या गोळ्या पाटाच्या चहूबाजूंनी एकदम टपकल्या. डोमा म्हणाला, आता बापाचा शोभला. आणि मी पाह्यलं, भोक बरोबर कचरीच्या डोक्यावर आलं होतं. तिचे भुरे केस त्यातून वर आले होते.

बोल म्हणताना माही जीभ अडखळली. आतलं आत राहो, एवढं म्हणून मी घाईनं जाळं उचललं. पारबताबाईनं सुपातून धान ओतलं. मान खाली होती तिची. मी धान घेतलं आणि निघालो.

त्या संध्याकाळी चुलीजवळ बसून मी भोक जोडलं. घरात तागाचा धागा सापडेना, म्हणून गोधडीच्या पांढऱ्या सुतानं. बाबानं खाटेवरून पाह्यलं.

"कधी फाटलं?"

"येताना. बाभळीले अडकलं."

"लेकरांवर टाकून झाल्यावर ना?"

"हो," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवसापासून मी कचरीले पाहायले जाऊ लागलो. कोणाले सांगता येत नव्हतं, पण मनात पक्कं बसलं होतं की एका जिवतीपासून दुसऱ्या जिवतीपर्यंत त्या पोरीवर मुठीएवढं दार उघडं आहे, आणि ते मी उघडं ठेवलं आहे. वर्ष सरेपर्यंत ती जगली पाहिजे. मग नवीन अवसेले मी अख्खं जाळं टाकेन आणि मोकळा होईन. तोवर कोणी दाराशी बसायले पाहिजे, आणि तो मीच.

निमित्त काय, तर मासोळी. कधी दोन सिंगूर, कधी ओंजळभर झिंगे, पानात गुंडाळून नेऊन देत होतो. पारबताबाई म्हणे, ढिवरभाऊ, कालच तर दिली होती. मी म्हणे, आज जास्त लागली. लागत नव्हती काही जास्त. बाबा घरी आंबाडीची भाजी खात होता. कचरी खोकली की मी दोन-दोनदा विचारे, ताप तर नाई? ती धावताना पडली की मी उभा राही. गावात बोलणं सुरू झालं. डोमा म्हणे, त्या घरात लग्नाची पोरगी तर नाई, मग हा ढिवर तिथी कोणासाठी चकरा मारून राह्यला? त्यांच्या म्हशीसाठी का? दुसऱ्या दिवशी मी जास्तच मासोळी घेऊन गेलो.

आणि त्या वर्षी मी अवसा मोजायले शिकलो. त्याआधी अवस म्हणजे मले एवढंच ठाऊक होतं की जाळं कोरडं ठेवायचं. त्या घराच्या अंगणात बसून मले कळलं की प्रत्येक अवसेले कोणीतरी वेगळं जवळ घ्यायचं असते.

पोळ्याची अवस पहिली आली. त्यांचे बैल, एक पांढरा, एक करडा, नदीवर धुवून आणलेले. शिंगांले हिंगूळ, पाठीवर झूल, खांद्याले हळद आणि तूप. ओल्या बैलाच्या अंगाचा वास आणि पुरणाचा वास एकाच दारात. पारबताबाईनं बैलांचे पाय धुतले आणि कचरीले उचलून पांढऱ्याच्या पाठीवर घडीभर बसवलं. मी वेसण धरायले पुढं झालो. बैल तर देवावाणी उभा होता. दुसऱ्या दिवशी पहाटे मारबतीचा पुतळा गावाबाहेर नेत गावभर पोरं ओरडत गेली, रोगराई घेऊन जा गे मारबत. दरवर्षी ओरडतात. त्या वर्षी मीही ओरडलो. एवढा मोठा बाप्या माणूस पोरांमध्ये काऊन ओरडून राह्यला म्हणून बाया खिडकीत आल्या.

मग पितरांची अवस. भादव्यातली.

त्या अवसेचं पारबताबाईनंच मले सांगितलं होतं. म्हणे, ज्याची तिथी कोणाले आठवत नाई, ज्याच्या मागं कोणी उरलं नाई, त्याच्यासाठी हा दिवस. एक घास टाकला तरी पोचते. मी आदल्या दिवशीच्या मासोळीचं रिकामं टोपलं परत घ्यायच्या निमित्तानं गेलो. उडदाच्या वड्यांचा आणि कोहळ्याच्या भाजीचा वास गल्लीपर्यंत आला होता. नवरा छपरावर पितरांचं पान ठेवून कावळ्याची वाट पाहत होता. मी मागच्या दारानं गेलो, तर तिथी सांदीत, तुळशीच्या आडोशाले, पळसाच्या पानाचे तीन लहान द्रोण दिसले. एकात नुसतं दूध होतं. दुसऱ्यात दुधात कालवलेला भात. तिसऱ्यात वड्याचा तुकडा, लेकरानं धरावा एवढा. ज्याले जे खाता आलं असतं ते.

मी तिथी उभाच राह्यलो. इतक्यात आतून पारबताबाईचा आवाज आला. ती नवऱ्याले हाक मारत होती, आणि तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता.

कचरी तापानं फणफणली होती. डोळे वर गेले होते. दवाखाना वैनगंगेच्या पल्ल्याड. नदी दोन्ही काठ भरून वाहत होती, गढूळ, वर वाहून आलेली लाकडं. नाव दोन दिवसांपासून बंद होती. डोंगा होता तो आमच्याच घरी.

मी धावत घरी गेलो. बाबा दारात बसला होता. मी म्हणालो, पारबताबाईच्या पोरीले पल्ल्याड न्यायचं आहे, आणि आज अवस आहे. मले वाटलं, बाबा नाई म्हणेल. आणि खरं सांगतो, त्यानं नाई म्हटलं असतं तरी मी गेलो असतो.

"मासोळीसाठी पानी नाई म्हनते," बाबा म्हणाला. "लेकरासाठी म्हनत नाई. वरच्या अंगानं घे, खालच्या भोवऱ्यात जाऊ नोको."

डोंग्यात पुढं मी, मागं तिचा नवरा, मधात पारबताबाई पोरीले पदरात घेऊन. नवऱ्याले वल्हवता येत नव्हतं, तो हातानं पाणी उपसत होता. मी आयुष्यात हजारदा ती नदी ओलांडली, पण ती एवढी रुंद कधी नव्हती. मी एकच म्हणत होतो, आतलं आत राहो, बाहेरचं बाहेर राहो. जिवतीले अर्धे राह्यलेले बोल तिथी पुरे करून राह्यलो होतो. मोठ्यानं म्हणत होतो हे मले पल्ल्याड लागल्यावर कळलं. पारबताबाई उतरताना माह्याकडं पाहून एवढंच म्हणाली, "तुया हात सोलला, बापू." त्याआधी ती मले ढिवरभाऊ म्हणे.

चार दिवस ते तिघं पल्ल्याड राह्यले आणि मी डोंग्यात. पाचव्या दिवशी कचरी तिच्या बापाच्या खांद्यावर बसून आली, आणि काठावर मले पाहून तिनं तोंड फिरवलं, कारण सुई टोचली त्या जागी मीच तिले आणलं होतं. त्या रागानं मले जेवढं बरं वाटलं तेवढं कोणाच्या लाडानं वाटलं नसेल.

पुढच्या अवसा मग हलक्या गेल्या. दिवाळीची अवस आली, घरोघर शेणानं सारवलेल्या अंगणात पणत्या, कोठीत नवं धान, आणि त्यानंतर मंडईच्या जत्रांचे दिवस, दंडारीच्या नाचाचे ढोल. कचरी ढोलाजवळ जाऊन कान झाकून उभी राहे आणि हटत नसे. माघात शिवरात्रीच्या जत्रेवरून बाया ओल्या लुगड्यांनी आल्या, दुसऱ्या दिवशीची अवस नदीतच न्हाऊन. एक अवस सोमवारी आली. त्या दिवशी पारबताबाईनं पिंपळाले एकशेआठ फेरे घातले, कच्चं सूत गुंडाळत, आणि कचरी मागून मागून सूत सोडत आली. पुजाऱ्याची बायको रागावली. पारबताबाई म्हणाली, राहू द्या, पिंपळ समजून घेईल. मोहाचे दिवस आले, गेले. तेंदूपत्त्याचे आले. उन्हानं तलाव आटला आणि मी चिखलात उतरून तो खुंट पाह्यला. त्याले माह्या जाळ्याचा धागा अजून गुंडाळलेला होता.

आणि पाणी पडलं, पऱ्हे उगवले, जिवती आली.

बाबाचा पाय बरा झाला होता. तो म्हणाला, यंदा मी जातो. मी म्हणालो, नाई, मीच जाईन. आदल्या दिवशी मी ते जाळं स्वतः तपासलं, तीनदा. पांढऱ्या सुताची जागा दाताखाली ओढून पाह्यली. पक्की होती. त्या सकाळी मी तलावाकडं फिरकलो नाई, आणि बाकी घरं सोडून सरळ पारबताबाईच्या अंगणात गेलो.

कचरी पाटावर बसली होती, आता तीन वर्षांची, फ्रॉकात. मी जाळं खांद्यावरून उतरवलं आणि मले ते टाकता येईना. हातच उचलेना. मी म्हणालो, बाई, मले आधी काही सांगायचं आहे. आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मरळ, खुंट, भोक, घडी. बाभळीचं खोटं. वर्षभराची मासोळी. आयुष्यात मी कोणापुढं असा बोललो नव्हतो. मले वाटलं, आता ही सूप फेकून मारेल. मारावं असंच वाटत होतं.

तिनं ओल्या हातानं तोंडावरची माशी हाकलली.

"मले मालूम हाय," ती म्हणाली.

"काय मालूम हाय?"

"भोक. पोरीनं त्यातून बोट बाहेर काढलं होतं. मी पाह्यलं."

मी म्हणालो, मग बोलल्या काऊन नाई तुमी?

"बोलली असती त तू काय केलं असतं? भांडला असता. जाळं अख्खं हाय म्हनला असता, आन् रागारागानं निंगून गेला असता. ढिवराच्या पोराले सांगता येते का काई? मग माही पोरगी उघडीच राह्यली असती." तिनं पोरीचा फ्रॉक नीट केला. "भोकाचं त भोकाचं, जाळं त होतं. म्या मनाले म्हनलं, उरलेलं मी पाहीन. दुसऱ्या दिवशी तू झिंगे घेऊन आला. तिसऱ्या दिवशी आला. तवा मले समजलं, दोघं हावो पाहनारे."

एका वर्षाचं ओझं मी डोक्यावर घेऊन फिरत होतो आणि तिनं त्याचं दुसरं टोक धरलं होतं. मले माहीतच नव्हतं. मी खाली बसलो. तिथीच, पाटाजवळ, जमिनीवर. रडलो असं लोक म्हणतात. डोळ्यात धूर गेला होता, चूल पेटलेली होती.

"तुह्यावर कोन टाकते रे?" तिनं विचारलं.

मले समजलं नाई. तिनं पुन्हा विचारलं, "जिवतीले. लहानपनी. तुह्यावर कोन टाके जाळं?"

मी म्हणालो, ढिवराच्या लेकरावर कोणी टाकत नाई. जाळं आमच्याच घरी असते. गावातलं सगळं फिरून झालं की ते खुंटीवर जाते. माय होती तेव्हा टाकत असेल, मले आठवत नाई.

पारबताबाईनं माह्या हातातून जाळं घेतलं. बायांनी जाळ्याले हात लावायचा नाई असं आमच्यात होतं, मी तसं म्हणालोही. तिनं ऐकलं नाई. तिले ते पेलेना, एक बाजू लोंबत होती, शिशाच्या गोळ्या तिच्या पायाले लागत होत्या. तिनं कचरीले उचलून माह्या मांडीत बसवलं आणि ते जाळं आम्हा दोघांच्या डोक्यावरून सोडलं.

मी गावभरच्या लेकरांवर जाळं टाकलं होतं, पण आतून कसं दिसते ते मले माहीत नव्हतं. आतून अंगण लहान लहान घरांचं दिसते. प्रत्येक घरात काहीतरी. एका घरात चूल, एका घरात बैलाचं शिंग, एका घरात पारबताबाईचा हात. सालीचा वास, पोरीच्या डोक्याच्या तेलाचा वास. कचरी दोन्ही हातांनी जाळं धरून मले विचारत होती, आता आपण मासोळी का?

पारबताबाईले बोल पाठ नव्हते. ती म्हणाली, आतले आत राहा, बाहेर जाऊ नका. मी आतूनच म्हणालो, तसं नाई, बाहेरचं बाहेर राहो असं आहे. ती म्हणाली, "तू गप बस. मी टाकलं हाय, मी म्हनीन."

त्या दिवशी घरी जाऊन बाबाले बाभळीचं खोटंही सांगून टाकलं. बाबानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, बाभूळ त आपल्या वाटेवर नाईच. बस, एवढंच.

त्यानंतर दरवर्षी मी गाव फिरून शेवटी त्या अंगणात जात होतो, आणि ती मले पाटावर बसवत होती. माही दाढी पांढरी झाली, तिचे केस पांढरे झाले, दात गेले, तरी नेम चुकला नाई. लोक हसत. ढिवर लेकरू झाला म्हणत. म्हणोत. लोक अवसेले अशुभ म्हणतात, गाडी घेत नाईत, गावाले निघत नाईत. चांद नसते म्हणून घाबरतात. मी म्हणतो, आकाशात कोणी नसते तेव्हाच माणसं एकमेकांकडं पाहतात. बैलाकडं, मेलेल्याकडं, दुसऱ्याच्या लेकराकडं. मले जे मिळालं ते अवसेनं दिलं.

पारबताबाई गेल्या त्याले दीड वर्ष झालं. थंडीत गेल्या, झोपेतच. मागच्या जिवतीले त्या घरी वर्ष भरलं नव्हतं, सण नव्हता. मी बाकी गाव फिरलो, जाळं खुंटीवर ठेवलं, आणि म्हणालो, झालं. यापुढं माह्यावरचं हे बंद. सत्तरी पार केलेल्या माणसानं त्याचं वाईट वाटून घेऊ नये. आणि मी कोणाले सांगणारही नव्हतो.

यंदा नवा डोळा घेऊन निघालो. आता घरं कमी बोलावतात. काही म्हणतात, बाबा, लेकरू शाळेत गेलं. काही दारातच हात जोडतात. पण कचरीच्या घरी पाट मांडलेला होता. कचरीले आता गाव सुनीताबाई म्हणते, अंगणवाडी सांभाळते, माहेरच्याच घरी राहते. तिची नात पाटावर होती. मी जाळं पांघरलं, पुरे बोल म्हणालो, काढलं. पोरगी वड्याकडं पळाली. मी घडी करायले लागलो, तर कचरीनं जाळ्याचं टोक धरलं.

"बसा."

"कोन? मी? आता नोको. ते तुह्या मायचं होतं."

"बसा म्हनलं ना पाटावर."

मी म्हणालो, टाकायची रीत असते, तुले येत नाई. ती म्हणाली, आईले तरी कुठी येत होती? मी बसलो. गुडघे वाजले. तिनं जाळं सोडलं आणि एक गोळी टणकन चष्म्यावर लागली.

"डोळा जाईल माह्या! आताच चंद्रपूरवरून आनला."

"हालू नोका, बाबा. हालता म्हनून लागते."

तिनं काहीतरी पुटपुटलं. बोल बरोबर होते की नाई, मले ऐकू आलं नाई. ऐकू आलं असतं तरी मी दुरुस्त केलं नसतं. चष्म्याआड दोन्ही डोळ्यांले पाणी आलं होतं, नव्या आणि जुन्या. आत चुलीवर तेल तापत होतं, तिची नात वडा खात मले वाकून पाहत होती.

"झालं," कचरी म्हणाली. "काढू?"

"राहू दे थोडा वेळ," मी म्हणालो. "तू तोवर वडे तळून घे."